करारातली तारीख आधी वाचा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोठा फुटबॉलपटू आणि त्याचा क्लब यांचे बिनसले की आपल्या क्रीडापानाचा मथळा ठरलेला असतो: अमुक नाराज, तमुक दुखावला. मागोमाग वाचकांची पत्रे येतात. अर्धी खेळाडूला कृतघ्न ठरवतात, अर्धी क्लबच्या नावाने बोटे मोडतात. भांडण कोणत्या कलमावरून होते आणि मुदत कोणी चुकवली, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीतही सापडत नाही. पुण्यातली काही मुले गोवा, मुंबई, कोलकाता, बेंगळुरूच्या क्लबांच्या करारांवर सह्या करतात. पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे तिन्ही क्लब एकामागून एक मैदानातून गेल्यापासून त्यांना बाहेर जाण्यावाचून इलाजही उरलेला नाही. त्यांच्या घरी हेच क्रीडापान वाचले जाते, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मेस्सी आणि बार्सिलोनाचेच घ्या. 14 ऑगस्ट 2020 ला लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाचा 8-2 असा धुव्वा उडवला. 25 ऑगस्टला मेस्सीने क्लबला ‘ब्युरोफॅक्स’ (स्पेनमधले नोंदणीकृत टपाल) पाठवून आपण विनाशुल्क बाहेर पडत असल्याचे कळवले. आपल्याकडे चर्चा रंगली ती त्या आठ गोलांची आणि अध्यक्ष बार्तोमेऊंशी झालेल्या बेबनावाची. प्रकरण अडले होते ते एका तारखेवर. 2017 च्या करारात हंगामाअखेरीस शुल्क न देता निघण्याची मुभा होती, पण तसे 10 जूनपर्यंत कळवायचे होते. नाही कळवले तर 70 कोटी युरोचा रिलीज क्लॉज, म्हणजे मधेच बाहेर पडण्याची ठरलेली किंमत, कायम. आता त्या वर्षीचे वेळापत्रक पाहा. करोनामुळे थांबलेली ला लिगा ही स्पेनची लीग पुन्हा सुरू झाली 11 जूनला. म्हणजे हंगाम संपल्यावर वापरायच्या हक्काची मुदत, तो हंगाम पुन्हा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच संपली!

मेस्सीची बाजू अशी, की कलमाचा हेतू ‘हंगामाअखेर’ हा आहे आणि 10 जून ही तारीख नेहमीच्या वेळापत्रकावरून घातलेली आहे. क्लबने तारखेवर बोट ठेवले आणि 30 ऑगस्टला ला लिगानेही क्लबचीच री ओढली. माझ्या मते मेस्सीची बाजू अजिबात लंगडी नव्हती. शिवाय करार वयाच्या तिशीत झालेला, त्यामुळे फिफाच्या नियमातला, करार मोडल्यास खेळाडूवर बंदी आणणारा, दोन वर्षांचा संरक्षित काळही उलटून गेला होता. म्हणजे खेळण्यावर बंदी येण्याचा धोका नव्हता, प्रश्न उरला होता पैशांचा. पण तोच मोठा होता. तेव्हाच्या नियमानुसार भरपाईत नवा क्लबही जबाबदार धरला जाई. 70 कोटींची टांगती तलवार डोक्यावर घेऊन कोणता क्लब सही करणार? अखेर 4 सप्टेंबरला मेस्सीने मुलाखत देऊन, कोर्टात जायचे नाही म्हणून राहतो, असे जाहीर केले. ‘हंगाम संपला की तू ठरव’ असे अध्यक्ष वर्षभर म्हणत होते, पण त्यांनी शब्द पाळला नाही, ही त्याची तक्रार त्याच मुलाखतीतली. जगातला सर्वांत महागडा करार, हाताशी वकिलांची फौज, आणि भिस्त तोंडी शब्दावर.

पॅरिसचा क्लब पीएसजी आणि एम्बापे यांचे प्रकरण बरोबर उलटे. मे 2022 मध्ये त्याने केलेला करार दोन वर्षांचा होता आणि तिसरे वर्ष घ्यायचे की नाही, हा पर्याय खेळाडूच्या हातात होता. जून 2023 मध्ये त्याने लेखी कळवले की तिसरे वर्ष नको. म्हणजे 2024 च्या उन्हाळ्यात तो फुकट जाणार आणि क्लबला एक छदामही मिळणार नाही. क्लबने त्याला जपानच्या सराव दौऱ्यातून वगळले, विक्रीला काढलेल्या खेळाडूंच्या गटात बसवले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा संघात घेतले. पुढे तो रेआल माद्रिदला गेला तेव्हा शेवटच्या महिन्यांचे वेतन आणि बोनस मिळून सुमारे साडेपाच कोटी युरो थकलेले होते. क्लबचे म्हणणे असे, की ऑगस्ट 2023 मध्ये समेट करताना त्याने या रकमेवर पाणी सोडण्याचे कबूल केले होते. लेखी काय आहे? काहीच नाही. सप्टेंबर 2024 मध्ये फ्रेंच लीगच्या विधी आयोगाने रक्कम द्यायला सांगितले आणि डिसेंबर 2025 मध्ये पॅरिसच्या कामगार न्यायालयाने सुमारे सहा कोटी युरो देण्याचा आदेश दिला. बार्सिलोनात तोंडी शब्दावर विसंबलेला खेळाडू अडकला, पॅरिसमध्ये क्लब.

रोनाल्डो आणि मँचेस्टर युनायटेडवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याने क्लबवर आणि प्रशिक्षकावर टीका करणारी मुलाखत दिली आणि 22 नोव्हेंबरला परस्पर संमतीने करार संपला. वर्ल्डकप तोंडावर असलेल्या रोनाल्डोला हे परवडते. क्लबची बदनामी करू नये, असे कलम व्यावसायिक करारात सहसा असतेच. विशीतल्या पोराने इन्स्टाग्रामवर तोच प्रयोग केला, तर थकलेला पगार मागणाऱ्याच्या हातातली बाजू क्लबच्या हातात जाते.

आता आपल्या घरचे. अन्वर अलीचा वाद 2024 चा. मूळ क्लब दिल्ली एफसी, तिथून मोहन बागानकडे चार वर्षांचे लोन, म्हणजे उसनवारी. जुलैत त्याने ते मोडले आणि ईस्ट बंगालशी करार केला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीने (खेळाडूंच्या करारांचे वाद ऐकणारी समिती) सप्टेंबरमध्ये त्याच्यावर चार महिन्यांची बंदी, दिल्ली एफसी आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांवर दोन विंडो (खेळाडू-नोंदणीचे ठरलेले काळ) नोंदणीची बंदी आणि 12 कोटी 90 लाखांची भरपाई लादली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश बाजूला झाला आणि नव्याने सुनावणी ठरली. कोलकात्यातल्या दोन परंपरागत वैऱ्यांचे भांडण म्हणून बातम्या चवीने वाचल्या गेल्या. मुळातला प्रश्न कमी लोकांनी विचारला: चार वर्षांचे लोन मुळात केलेच कसे? फिफाने 2022 मध्येच लोनची कमाल मुदत एक वर्ष केली होती आणि देशांतर्गत नियम जुळवायला महासंघांना तीन वर्षे दिली होती. त्या मधल्या फटीत हा करार झाला. लोनवर जाणाऱ्या मुलाने एवढे तरी पाहावे, की पगार मूळ क्लब देणार की नवा, दुखापतीचा खर्च कोणाकडे आणि मधेच परत बोलावण्याचा हक्क कोणाला. तिघांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात.

पुण्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार करताना माणूस रंगकामाचे पैसे कोण देणार, यावर तासभर घासाघीस करतो. मुलाचा तीन वर्षांचा करार मात्र ‘मोठा क्लब आहे, बघायचे काय’ म्हणून पाच मिनिटांत सही होतो.

काय बघायचे ते सांगतो. सगळ्यांत आधी वय. अठरा पूर्ण नसतील तर भारतीय करार कायद्याप्रमाणे मुलाच्या सहीला काडीची किंमत नाही, पालकाची सही लागते. फिफाच्या नियमात अठराखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त धरला जात नाही, मोठ्यांसाठी कमाल पाच वर्षे. ‘2+1’ असे लिहिले असेल तर तो ‘+1’ कोणाचा, हे वाक्य शोधून अधोरेखित करा. एम्बापेचा स्वतःचा होता. आपल्या मुलांच्या करारात तो बहुतेक क्लबचा असतो. तो वापरायचे कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या मार्गाने कळवायचे आणि त्या वर्षी पगार किती वाढणार, हे तिन्ही नसेल तर लिहून घ्या. तारीख दिनदर्शिकेतली घालू नका. ‘क्लबच्या शेवटच्या अधिकृत सामन्यापासून 15 दिवसांत’ अशी घाला. मेस्सीच्या कलमात एवढे असते तर ब्युरोफॅक्स वेळेत होता. आपल्याकडे तर सामने पुढे जायला महामारीही लागत नाही. ढोबरवाडीच्या किंवा एसएसपीएमएसच्या मैदानावर पाणी साचले की वेळापत्रक हलते, आणि 2025 मध्ये तर आख्ख्या आयएसएलचाच (इंडियन सुपर लीग) हंगाम व्यावसायिक हक्कांच्या वादात लटकला. त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले, तेव्हा ‘लीग सुरू नाही, मग पगार कशाचा’ असे म्हणणारेही भेटले. पगार करारावरून ठरतो. लीग लांबल्यास काय, यावर करार गप्प असेल तर भांडण अटळ.

वैद्यकीय तपासणी सहीच्या आधी करून घ्या. ‘तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार लागू’ अशी अट फिफाच्या नियमांत चालत नाही, पण ती घातली जाते आणि गुडघा दुखावलेल्या मुलाला त्या आधारे घरी पाठवले जाते. सही झाल्यावर दोन्ही बाजूंच्या, प्रत्येक पानावर सह्या असलेली आपली प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्या. ‘नोंदणी झाली की पाठवतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत जो करार चढतो तो आणि आपल्या हातातला करार अक्षरशः एकच असला पाहिजे. एक करार नोंदणीसाठी आणि दुसरा ‘आपल्या आपल्यात’ असे दोन कागद झाले, तर वादाच्या वेळी नोंदणीतला आकडा पुढे केला जातो. एजंट असेल तर त्याच्याशी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार नको. 2023 च्या फिफा नियमांत तेवढीच मर्यादा आहे.

आणि आता पगार थकण्याचा भाग, ज्यावर सर्वाधिक मुले पाय घसरून पडतात. 2018 पासून फिफाच्या नियमावलीत कलम 14 बिस आहे. दोन महिन्यांचे पगार ठरल्या तारखांना मिळाले नाहीत, की खेळाडूने क्लबला लेखी नोटीस द्यायची आणि पैसे भरायला किमान पूर्ण 15 दिवस द्यायचे. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर सकारण करार संपवता येतो. वाचायला सोपे आहे, चुकते ते पुढे. ‘सर, पगार कधी?’ हा व्हॉट्सअ‍ॅप निरोप नोटीस ठरेल, या भरवशावर राहू नये. नोटिशीत कराराची तारीख, कोणत्या महिन्याची किती रक्कम, ती कोणत्या तारखेला देय होती, आपला बँक खाते क्रमांक आणि ‘ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत न भरल्यास करार संपवण्याचा हक्क राखून ठेवतो’ हे वाक्य हवे. दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजा, पाठवल्यापासून नव्हे. चौदाव्या दिवशी करार मोडणारा खेळाडू हातची बाजू घालवतो.

मुदतीच्या आत क्लबने एका महिन्याचा पगार टाकला, तर थकबाकी दोन महिन्यांच्या खाली येते आणि या कलमाचा आधार डळमळतो. बनेल क्लब हे नेमके करतात, तेराव्या-चौदाव्या दिवशी अर्धी रक्कम. तेव्हा पुन्हा दोन महिने भरेपर्यंत थांबून नवी नोटीस द्यावी लागू शकते. या सगळ्या काळात सरावाला जात राहायचे. हजेरी पत्रकावर सही, फिजिओकडे गेल्याची नोंद, सराव वेळापत्रकाचे ईमेल, सगळे जपून ठेवायचे. ‘पगार नाही तर सराव नाही’ म्हणून पुण्याची गाडी पकडली, की क्लब ‘खेळाडू पळून गेला’ असे पत्र काढायला मोकळा. क्लबनेच वेगळे काढून एकट्याला पळायला लावले, जिममधून बाहेर काढले, ड्रेसिंग रूमची चावी घेतली, तर तेही तारखेसकट लेखी कळवा. करार मोडायला भाग पाडण्यासाठी केलेला छळ हे सुद्धा फिफाच्या नियमात करार संपवण्याचे सकारण कारण आहे.

नोटीस पाठवायची कशी, याबद्दल दोन शब्द. स्पेनचा ब्युरोफॅक्स ही टपाल सेवा आहे आणि ती पाठवल्याची तारीख, पोच आणि मजकूर अशा तिन्हींचा पुरावा देते. आपली पोचपावती पाकीट पोहोचल्याचे सांगते, आत काय होते ते नाही, आणि ‘पाकिटात कोरा कागद होता’ हा बचाव कोर्टकचेऱ्यांत जुना आहे. म्हणून नोटिशीची स्वाक्षरी केलेली पीडीएफ करारात दिलेल्या ईमेलवर त्याच दिवशी पाठवावी, महासंघाला प्रत जोडावी, आणि टपालाची पावती तिच्यासोबत ठेवावी. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा सिटी पोस्टाच्या खिडकीवर ‘रजिस्टर एडी’ न मागता स्पीड पोस्ट नोंदणी आणि पोचपावतीसह असे सांगावे. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचा 26एएस उतारा काढायला विसरू नका. क्लबने तुमच्या नावावर टीडीएस भरलेला दिसतो आणि खात्यात मात्र पैसे नाहीत, तर क्लबने देणे मान्य केल्याचा तो चांगला पुरावा.

सतत बाकावर बसणाऱ्यांसाठीही एक वाट आहे, पण अरुंद. प्रस्थापित व्यावसायिक खेळाडूला हंगामात क्लबच्या अधिकृत सामन्यांपैकी 10 टक्क्यांपेक्षा कमी सामन्यांत खेळवले, तर तो शेवटच्या अधिकृत सामन्यानंतरच्या 15 दिवसांत करार संपवू शकतो. ‘प्रस्थापित’ हा शब्द इथे जड आहे. अकादमीतून नुकत्याच वर आलेल्या मुलाला हा हक्क मिळत नाही, आणि दुखापत किंवा निलंबनात गेलेले सामनेही हिशोबात पाहिले जातात.

क्लबांची बाजूही रास्त आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अठ्ठावीस वर्षांच्या आत केलेल्या करारात पहिली तीन वर्षे (किंवा तीन हंगाम) संरक्षित असतात. त्या काळात विनाकारण करार मोडला तर चार महिने बंदी, गंभीर प्रकरणात सहा. जास्त पैशांची ऑफर आली, हे कारण कोणत्याही नियमात बसत नाही. भारतीय कायद्याप्रमाणे कोर्ट कोणाला मैदानात उतरायला भाग पाडत नाही, हे खरे. भरपाई मात्र लावते. ‘आपल्याकडे काही होत नाही’ असे सांगून मुलांना करार मोडायला लावणारे मध्यस्थ भरपाईच्या वेळी फोन उचलत नाहीत. आणखी एक, फ्रेंच फुटबॉलपटू लासाना दियारा याच्या प्रकरणात ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर भरपाई आणि नव्या क्लबची जबाबदारी यांबाबतच्या नियमांत फिफाने बदल केले. त्यामुळे कोणाकडे तरी असलेल्या जुन्या प्रतीवरून सल्ला घेऊ नका.

निघताना क्लब एनओसीच्या बदल्यात ‘सर्व देणी पावली’ अशा कागदावर सही मागतो. ही सही सर्वांत महागात पडते. मुदत संपलेल्या व्यावसायिक खेळाडूला नव्या क्लबात जाण्यासाठी जुन्याची मेहेरबानी लागत नाही, बोसमन निकालाला 1995 पासून इतकी वर्षे झाली. सही करावीच लागली तर मिळालेली रक्कम आणि बाकी रक्कम हाताने लिहून, खाली तारीख घालून करा.

क्लबच बंद पडला तर? पुणेकरांना हा प्रश्न नवा नाही. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये थांबला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. नाव आणि शहर बदलले म्हणून जुनी देणी आपोआप बुडत नाहीत. नवा क्लब जुन्याचा ‘स्पोर्टिंग सक्सेसर’ आहे का, हे फिफा नाव, रंग, मुख्यालय, खेळाडू, भागधारक, स्पर्धेतला स्तर असे घटक तपासून ठरवते, आणि तसे ठरल्यास देणे त्याच्याकडे जाते. उत्तर प्रत्येक प्रकरणात वेगळे येते, म्हणून दावा आधी दाखल करायचा. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब असेल तर तो महासंघाच्या प्लेयर्स स्टेटस कमिटीपुढे. परदेशी क्लब असेल तर फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलपुढे, जिथे खेळाडूला प्रक्रियेचे शुल्क पडत नाही. फिफाकडे घटना घडल्यापासून दोन वर्षांनंतर दावा ऐकला जात नाही. फिफाच्या निकालावर लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपील करायचे तर 21 दिवस.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढचा स्टार रुसला की क्लबच्या प्रवक्त्याला आणि खेळाडूच्या एजंटला एवढे विचारा: वाद कोणत्या कलमाचा, कळवण्याची मुदत कोणती, आणि लेखी काय दिले-घेतले गेले. उत्तर मिळाले नाही तर तेही छापा.

कळावे,
क्रीडा करारांचे काम पाहणारा एक वाचक,
सदाशिव पेठ, पुणे